गढूळ सूर

पहिल्यांदा वाजवून झालं तेव्हा ते सगळ्यांना आवडलं, फक्त एमोकेला सोडून.

ओबुदा भागातल्या त्या जुन्या स्टुडिओत अठ्ठावन्न वादक बसले होते. समोरचे कागद त्यांनी नेहमीसारखे त्याच क्षणी पाहिले होते आणि एकही चूक न करता वाजवले होते. बुडापेस्टची ही मंडळी अशीच. सकाळी परक्या देशातल्या एखाद्या संगणक खेळासाठी लढाई वाजवतील, दुपारी अमेरिकन सिनेमातलं लग्न लावून देतील, आणि मधल्या सुट्टीत फोनवर घरच्या गळक्या नळाची वास्तपुस्त करतील. कशानंही त्यांची पापणी लवत नाही.

"स्वच्छ!" काचेपलीकडच्या खोलीतून ध्वनिमुद्रक तिहामेर काकांचा आवाज एमोकेच्या हेडफोनमध्ये आला. "पोरी, पाण्यासारखं स्वच्छ!"

तिहामेर काका अडुसष्ट वर्षांचे. ते 'बरं आहे' म्हणाले तरी संगीतकार घरी जाऊन बायकोला सांगायचे. त्यांच्या मागोमाग दिग्दर्शक गेलेर्तचा आवाज आला. हा पोरगेला माणूस, त्याचा दुसराच सिनेमा, आणि डोळ्यांत पाणी आणायला त्याला फारसं निमित्त लागत नसे. "एमोके, मला रडू आलं. खरंच सांगतो. झालं आपलं काम!"

झालं कसलं डोंबलाचं! एमोकेच्या पुढ्यातल्या पानांवर तिच्याच हातानं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं एक, आणि कानांवर पडलं होतं भलतंच.

सिनेमा होता कोळशाच्या खाणीत गाडल्या गेलेल्या माणसांचा. हे संगीत शेवटच्या प्रसंगाचं, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं: वर बायका उभ्या, खाली अंधार, आणि सरतेशेवटी दगडांच्या फटीतून बाहेर येणारा एक हात. एमोकेचा बाप पेचकडच्या खाणींत एकतीस वर्षं उतरला होता. पोरीनं एकदा विचारलं, बाबा, खाली कसं ऐकू येतं हो? तो म्हणाला होता, "डोंगर ओरडतो, पण तो लांब कुठेतरी. आपला श्वास मात्र डोंगराहून मोठा वाटतो. आणि ऐकतो ते कानानं नाही, पोटानं." एमोकेनं हेच लिहिलं होतं. बास, ट्यूबा आणि ट्रॉम्बोन ही जड आवाजाची वाद्यं अगदी तळाशी, एकमेकांना चिकटून, गुदमरल्यासारखे. आणि त्यांच्यासमोर एकच बासरी, तीही तिच्या सर्वांत खालच्या, नुसत्या वाऱ्यासारख्या सुरांत.

कुठल्याही संगीतशाळेत पहिल्या वर्षाच्या पोरानं असं लिहिलं तर मास्तर लाल शाईनं पान रंगवतील. तळाचे सूर इतके जवळ ठेवले की आवाज गढूळ होतो. ट्रॉम्बोनसमोर बासरीचा खालचा सूर ऐकूच येत नाही. हे नियम खरेच आहेत, उगाच कोणी केलेले नाहीत. एमोकेला ते माहीत नव्हते असं तर म्हणायची सोयच नव्हती, कारण अख्ख्या शहरात ते तिच्याइतके कोणालाच पाठ नव्हते.

ती त्रेपन्न वर्षांची होती, आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांचं संगीत नीटनेटकं करून देत होती. नामांकित माणसं पियानोवर चार ओळी वाजवून पाठवायची. एमोके त्यांचा वाद्यवृंद उभा करायची, कोण कुठे झाकला जातोय ते पाहायची, सगळं घासूनपुसून द्यायची. पडद्यावर नाव त्यांचं, टाळ्या त्यांना, आणि ही मागच्या खोलीत दुसऱ्या दिवसाचे कागद तपासत बसलेली. तिच्या स्वतःच्या नावाचा हा पहिला सिनेमा. शेवटचं ध्वनिमुद्रण आज, एक वाजेपर्यंत. एक वाजता वादक उठतात. मग समोर साक्षात राष्ट्रपती का उभे असेनात.

घड्याळात बारा चौतीस झाले होते.

"बोदोगला बोलवा," एमोके म्हणाली.

बोदोग नकलनवीस. संगीतकाराच्या मोठ्या पानावरून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद करायचं काम त्याचं. सत्तेचाळीस वर्षांचा, एकटा, कमालीचा चोख माणूस. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतः भाजलेल्या पोगाचांचा, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांचा, डबा आणायचा आणि कोणी घेतल्या नाहीत की हिरमुसायचा. तो हात पुसत पुसत आला.

"बाई, चीजच्या आहेत आज. घेता?"

"बोदोग, बासचे सूर वर कोणी नेले?"

"मी," तो लगेच म्हणाला. चेहऱ्यावर शाबासकी मिळणार असल्याचा भाव. "आठ दिवस झाले तुम्हाला धड झोप नाही, दिसत होतं मला. बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, म्हणून तो लिहायचा वर. तुम्ही घाईत विसरलात आणि जसा वाजायला हवा तसाच लिहून टाकलात. ट्यूबा आणि ट्रॉम्बोन त्याला चिकटून होते, म्हणून तेही नेले वर. आणि लेंकेची बासरी तिथे खाली कोणाला ऐकू आली असती? तीही नेली वर. गुपचूप केलं सगळं. म्हटलं, चारचौघांत कशाला बभ्रा."

"मी विसरले नव्हते."

बोदोगनं हात पुसायचं थांबवलं. "पण बाई, तळाला चिकटलेले सूर लिहायचे नाहीत हे तुम्हीच शिकवलंत ना मला? तुमच्या हातची यादी माझ्या टेबलासमोर लावलेली आहे. अकरा वर्षं झाली. पहिलाच नियम तो." त्यानं तिच्या पानाच्या समासावर बोट ठेवलं. "आणि मुद्दाम लिहिलं होतं, तर बाजूला 'असंच' का नाही लिहिलंत?"

आता मात्र एमोकेला तोंडात मारल्यासारखं झालं. या धंद्यात ही रीत आहे. दिसायला चूक, पण मुद्दाम केलेली गोष्ट असेल, तर संगीतकार समासात एक शब्द लिहितो: असंच. मग नकलनवीस तिला हात लावत नाही. बावीस वर्षांत तिनं दुसऱ्यांच्या पानांवर हा शब्द शेकडो वेळा पाहिला होता, कधीकधी त्याला हसलीही होती. आपल्या पानावर तो लिहायला पेन्सिल उचलली होती खरी. पण हात रेंगाळला. मनात आलं, आपण कोण लागून गेलो असं ठासून सांगणारे? चुकलंच तर निदान विसरले म्हणता येईल. ही पळवाट तिनं स्वतःच ठेवली होती, आणि बिचारा बोदोग त्या वाटेनं सरळ आत आला होता.

"तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

तेवढ्यात गेलेर्त काचेच्या खोलीतून बाहेर आलाच. "काही अडलंय का?"

"जे वाजलं ते मी लिहिलेलं नाही. पुन्हा वाजवावं लागेल."

"अहो, पण ते उत्तम आहे!"

"उत्तम आहे. कोणीही लिहिलं असतं असं उत्तम आहे."

"एमोके, कृपा करा. तिहामेर काका म्हणतायत स्वच्छ आहे."

"खाणीतून वर आलेला माणूस स्वच्छ असतो का रे?" ती इतक्या जोरात म्हणाली की पहिल्या ओळीतल्या व्हायोलिनवाल्यांनी माना वर केल्या. तिचा चढलेला आवाज इथे कोणी कधी ऐकलाच नव्हता. तिला स्वतःलाही तो नवा होता.

गेलेर्तनं घड्याळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. माणूस हळवा होता, पण दूधखुळा नव्हता. "एक संधी," तो म्हणाला. "एक वाजायच्या आत. ते जमलं तर ते, नाही तर सिनेमात हे पहिलं जाईल, आणि मग तुम्ही माझ्यावर रागवायचं नाही."

"नाही रागवणार," एमोके म्हणाली. ही शुद्ध थाप होती. ते पहिलं पडद्यावर गेलं असतं तर तिनं जन्मात पुन्हा पेन्सिल हातात धरली नसती.

ती तडक तिहामेर काकांकडे गेली. काका खुर्चीत मागे रेलून बसले होते, दोन्ही हात पोटावर.

"काका, बासरीचा जवळचा माइक पूर्ण उघडा. तिचा श्वास ऐकू आला पाहिजे. ट्रॉम्बोनचे सगळे जवळचे माइक बंद. ते फक्त छताच्या माइकमधून घ्या. खालचा आवाज कशाचाही छाटायचा नाही. आणि बास, ट्यूबा, सगळं जड सामान डाव्या बाजूला लोटा. उजवीकडे काही नको."

"काही म्हणजे?"

"काहीच नको. अगदी शेवटी व्हायोलिनचा एक सूर येईल, तोपर्यंत."

काकांनी चष्मा काढला. "बास मधोमध असतो, एमोके. मी या खुर्चीत बसलो तेव्हापासून मधोमध आहे. उजवीकडे शांतता ठेवलीस तर थिएटरवाला म्हणेल स्पीकर बिघडला, आणि फोन मला येईल. चिमुकली बासरी डोंगराएवढी आणि ट्रॉम्बोन शेजारच्या गल्लीत? अगं, डोळ्यांसमोर जे बसलंय तेच कानांत यायला नको का?"

"काका, तुम्ही बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटता?"

"आता हे काय मधेच? नाही आपटत. कोणीच नाही आपटत. आपले सेनापती फासावर गेले तेव्हा ऑस्ट्रियनांनी जल्लोषात आपटले होते म्हणतात."

"दीडशे वर्षं ग्लास न आपटण्याची शपथ होती ती. संपूनही पंचवीस वर्षं झाली."

"असेल संपली. मी नाही आपटायचा."

"पण का, ते तरी माहीत आहे ना तुम्हाला? मग बास मधोमध का, ते सांगा."

काकांनी चष्मा परत चढवला. खरं उत्तर त्यांना माहीत होतं: जुन्या तबकड्यांच्या काळी बास एका बाजूला लोटला तर सुई खाचेतून उडायची. तबकडीसाठी त्यांनी शेवटचं काम केलं त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्या करवादलेपणानं एकेक खटका खाली पाडायला लागले. "माझ्या नावानं शिमगा झाला तर तुझ्या दारात येऊन बसेन," एवढं मात्र बजावलं.

एमोके धावत दालनात परतली. चौदा मिनिटं राहिली होती.

"बास, ट्यूबा, ट्रॉम्बोन, सगळे एक सप्तक खाली. लेंके, तूही."

लेंके बासरीवाली, बारीक चणीची, अबोल बाई. तिनं नुसती मान हलवली. बासवाल्यांच्या रांगेतून अपोरचा आवाज आला. अपोर म्हणजे आडदांड माणूस आणि सैल जीभ. "बाई, खाली म्हणजे किती खाली? तळघरात?"

"तळघराच्याही खाली. पाचवी तार आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की! वर्षभर तिच्यावर धूळ बसलीय. लग्नाच्या वाजवण्यात कोण विचारतं तिला!" तो हसला, पण मग कागदाकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, पण तिथे हे सूर एकत्र वाजवले तर नुसता चिखल होईल."

"चिखलच हवाय. आणि सगळ्यांनी ऐका." तिनं छडी वर केली. "आता जे वाजेल ते चुकीचं वाटेल. ते असंच आहे. असंच!"

शब्द तोंडातून गेला, आणि तिनं छडी आणखी उंच धरली. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या बोदोगनं मान खाली घातली.

"आणि आम्ही?" व्हायोलिनच्या पहिल्या ओळीतून एका बाईनं विचारलं. "आम्ही चोवीस जण आहोत. आमच्या कागदावर तीन मिनिटं नुसती विश्रांती, आणि शेवटी एकच सूर. घरून उशी आणायला सांगायचं होतंत."

हशा पिकला. एमोकेही हसली. "उशीचं पुढच्या वेळी बघू. तो सूर मात्र झोपेत वाजवू नका, काकांच्या उजव्या कानात तेवढाच आहे."

वाजवायला सुरुवात झाली, आणि मिनिटभरातच एमोकेला कळलं की अपोरचं म्हणणं खरं होतं. चिखल झाला होता. पण पोटात उतरणारा नव्हे, पाय अडकणारा. मरतुकडा, रेंगाळलेला, नुसता अस्पष्ट. तिनं हात खाली घेतले. हेडफोनमध्ये काका 'सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. नुसते खाकरले, आणि ते त्याहून वाईट होतं. काचेमागे गेलेर्त कोट चढवत होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी समजलं. इथेच थांबावं, उत्तम आहे ते घ्यावं आणि घरी जावं, असं वाटलंही. पण बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका हुडकलेला कान असा सहजी गप्प बसत नाही. त्यानं विचारलं, चिखल असा मरगळलेला का? आणि तिला दिसलं. ट्रॉम्बोनवाले हळू वाजवत होते. कागदावर 'पूर्ण जोरात' लिहिलेलं असूनही. बासरी एकटी वाजतेय हे पाहिलं की चांगला वादक आपोआप दबतो. कोणी सांगावं लागत नाही, हाडात भिनलेली सभ्यता ती. आणि तिकडे लेंके ट्रॉम्बोनच्या धाकानं जीव खाऊन फुंकत होती. दोघांनी एकमेकांना सांभाळता सांभाळता सुराचाच गळा घोटला होता.

"ट्रॉम्बोन!" ती म्हणाली. "लेंकेला विसरा. ती इथे नाहीच. डोंगर कोसळतोय, माणसाची पर्वा नाही त्याला. भिंती हलल्या पाहिजेत."

"बाई, ती बुडून जाईल हो," त्यांतला थोरला काकुळतीनं म्हणाला.

"ती नाही बुडणार. तिला काका धरून आहेत. आणि लेंके, तू फुंकूच नकोस. थंडीत काचेवर श्वास सोडतो ना आपण, तेवढंच. स्वतःला ऐकू आलं नाही तरी चालेल."

लेंकेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला जन्मभर सगळे सांगत आले, जरा जोरात."

"मी सांगतेय, हळू."

पाच मिनिटं उरली होती. लाल दिवा लागला. एमोकेनं हात उचलला.

अपोरची पाचवी तार हलली आणि फरशीतून काहीतरी तिच्या तळपायांत शिरलं, तिथून गुडघ्यांत, तिथून पोटात. ट्यूबा त्यात मिसळला. मग ट्रॉम्बोन उठले ते असे, की मागच्या दाराचा कोयंडा थरथरला. दालनात उभं राहून ऐकणाऱ्याला लेंकेची बासरी दिसत होती फक्त; ऐकू येत नव्हती. बोटं हलत होती, ओठ हलत होते, आवाज नाही. बोदोगनं भीतीनं तोंडावर हात धरला. पण एमोकेच्या हेडफोनमध्ये ती तिच्या कानाला लागून श्वास घेत होती. ओठांचा ओला आवाज, बोटाखालच्या पट्टीचा टक्, आणि त्यावर तरंगणारा सूर, मोठा, उबदार, अगदी जवळचा. डोंगर मागे कुठेतरी, डावीकडे, आंधळेपणानं पडत होता. उजवीकडे काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मान आपोआप तिकडे वळत होती. माणूस त्या अंधारात वाट पाहत होता, आणि ते एमोकेच्या बापाचं वाट पाहणं होतं, तिचं स्वतःचंही होतं.

तीन मिनिटं पस्तीस सेकंदांवर तिनं डावा हात व्हायोलिनकडे केला. चोवीस गज एकदम उठले. एक सूर, बारीक, उजवीकडून. जिथे काही नव्हतं तिथून, फटीतून उजेड यावा तसा.

लाल दिवा विझला.

ती धावतच काचेच्या खोलीत गेली. काकांनी मोठ्या पडद्यावर तो प्रसंग लावला आणि नवं संगीत त्याच्याशी जोडून सोडलं. हात बाहेर आला, व्हायोलिनचा सूर उजव्या स्पीकरमधून आला, आणि गेलेर्त खुर्चीतून ताडकन उभा राहिला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता. "माझा श्वास अडकला होता," तो हळूच म्हणाला. "पहिल्या वेळी मी रडलो. आत्ता मी खाली होतो." मग काकांकडे वळून, "ते पहिलं नकोच. हेच."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "गढूळ आहे," ते म्हणाले. "देवा, काय गढूळ आहे! पोरी, मी चाळीस वर्षं हे छाटून फेकत होतो."

एमोकेला हसूही येत होतं आणि रडूही. ते आवरायला ती दालनाच्या दाराशी आली आणि तिथेच थबकली. एक वाजून आठ मिनिटं झाली होती. एरवी दिवा विझायच्या आत वाद्यांच्या पेट्या बंद होतात, एक वाजून दोन मिनिटांनी इथे नुसत्या खुर्च्या उरतात. आज अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जण आपापल्या जागी बसून होते.

"आम्हाला ऐकवा की," अपोर म्हणाला. "आम्ही काय वाजवलं ते आम्हाला कुठे कळलंय!"

काकांनी दालनातले स्पीकर सुरू केले. वादक जिवाचा कान करून ऐकत होते. ट्रॉम्बोनवाला थोरला लेंकेकडे बघत होता, आणि लेंके जमिनीकडे, आपलाच एवढा मोठा आवाज ऐकून कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली. शेवटचा सूर विरला. मग अपोरनं आपल्या बासच्या पाठीवर तळवा मारला. एकदा. पुन्हा एकदा. कोणी पाय आपटला, कोणी गज स्टँडवर. सुरुवातीला विस्कळीत, जमेल तसं. मग हळूहळू सगळं एका ठेक्यात आलं, जशा हंगेरीतल्या टाळ्या मनापासून असल्या की येतातच, एकच माणूस वाजवतोय अशा. ठेका वाढत गेला, फुटला, पुन्हा संथ झाला, पुन्हा एक झाला. भिंतीशी उभा राहून बोदोग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता आणि नाक पुसायला त्याच्याकडे हातच उरला नव्हता.

एमोके दारात तशीच उभी. ती आधी मागे वळून पाहायला लागली, की कोण आलंय. मागे कोणीच नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना. तिनं ते स्वेटरच्या खिशांत घातले, मग काढले.

लेंके उठून तिच्याजवळ आली. "बाई," ती कानाशी म्हणाली, "इथे वाकायचं असतं."

वाद्यवृंदाचे सगळे नियम पाठ असलेल्या बाईला हे कोणी शिकवलंच नव्हतं. ती वाकली. वेडीवाकडी, एका बाजूला झुकून, चष्मा पडता पडता वाचवत. आणि टाळ्या थांबेनात म्हणून आणखी एकदा वाकली.